पोकळ पाव

केकचं कौतुक मला सांगू नका. ईस्टरचा खरा पाव साहेबाच्या राज्यात आमच्या लोणावळ्याला भाजला गेला.

आदल्या दिवशी आईनं आम्हा भावंडांकडून मैद्याच्या गोळ्यांत लोणी भरून घेतलं. म्हणाली, "ही येशूची कबर. तोंड घट्ट मिटा." घरी नुसती चूल, म्हणून त्या वर्षी पहिल्यांदाच पाव इस्माईलभाईंच्या भट्टीत भाजायला दिले.

ईस्टरच्या सकाळी गेलो, तर भाईंचा चेहरा पडलेला. "लय वंगाळ झालं, बाई. एक पाव फोडून बघितला, तर आत पोकळ! समदे तसलेच असणार. ते कोंबड्यांस्नी घालतो, तुमी माझे भरीव पाव न्या."

आम्ही रडकुंडीला आलो. धाकट्या मार्थानं आमच्या पावांच्या टोपलीतला एक पाव ओढून फोडला. आतलं लोणी विरघळून गेलं होतं.

"आई, कबर रिकामी!" ती किंचाळली. मग काय, आम्ही सगळेच पाव फोडत ओरडायला लागलो, "रिकामी! रिकामी!"

आई हसत म्हणाली, "भाई, आज रिकामेच हवे होते. येशू कबरेतून उठला ना!"

भाईंनी जरा विचार केला आणि छाती फुगवली. "मग बघा की! माझ्या भट्टीतनं एकबी भरलेला निघायचा न्हाई!"