सात मिनिटं पुढे

थेरपिस्ट: कॅमेरा बंद राहू दे, नावही नको. काय त्रास होतोय तेवढं सांगा.

क्लायंट: त्रास म्हणजे, घरात एक मुलगी आहे. मानसशास्त्र शिकली. आता दिवसभर दार लावून लॅपटॉपवर लोकांची गाऱ्हाणी ऐकते.

थेरपिस्ट: म्हणजे आमच्यातलीच.

क्लायंट: तुमच्यातलीच. सगळ्या जगाचं ऐकून घेते हो. मी दार वाजवलं की "आत्ता नको, सेशन आहे." जेवताना काही काढावं, तर बोलून बोलून दमलेली असते.

थेरपिस्ट: त्याचं तुम्हाला काय वाटतं?

क्लायंट: काय वाटणार? आपणही रांगेत उभं राहावं असं वाटतं.

थेरपिस्ट: तुमचा आवाज असा का येतोय?

क्लायंट: सर्दी. तोंडावर रुमाल धरलाय.

थेरपिस्ट: कॅमेरा बंद असताना?

क्लायंट: सवय आहे.

(भिंतीवरच्या घड्याळाचे सहा ठोके. आधी शेजारच्या खोलीतून, मग हेडफोनमधून.)

थेरपिस्ट: माझ्या लॅपटॉपवर सहाला सात कमी आहेत. सात मिनिटं पुढे पळणारं घड्याळ जगात एकच आहे, बाबा.

बाबा: घ्या. झाला घोटाळा.

मुलगी: जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलीस, आणि घरचं तेवढं चुकीचं.

बाबा: चुकीचं नाही ते. तुला कॉलेजला उशीर व्हायचा म्हणून पुढे केलं होतं. नंतर मागे घ्यायला हात होईना.

मुलगी: आणि हा काय उद्योग मांडलायस?

बाबा: काल मैत्रिणीला फोनवर सांगत होतीस ना. तुमच्या त्या ॲपवर क्लायंटनी दिलेल्या स्टारची सरासरी साडेचार लागते, तुझी चार पूर्णांक चार आहे. आज सहाला मोजणार, आणि कमी भरली तर नवे क्लायंट बंद. म्हटलं, आपले पाच टाकून यावेत.

मुलगी: भिंतीला कान लावून बसला होतास.

बाबा: भिंतच पातळ आहे, त्याला मी काय करू? चल, सात मिनिटं आहेत. पाच दाबतो.

मुलगी: दाबू नकोस. घरच्या माणसाला क्लायंट म्हणून घेता येत नाही. मी हे सेशन रद्द करणार.

बाबा: अगं, कुणाला कळणार आहे?

मुलगी: मला.

बाबा: एक स्टार कुणी दिला तर रडत बसतेस, आणि मिळताहेत तर नको.

मुलगी: मी रडत नव्हते.

बाबा: भिंत पातळ आहे.

मुलगी: बरं, रडत होते. वाटलं, आपल्याला हे जमतच नाही.

बाबा: मग एक सांगतो, चिडू नकोस. माझ्या दुकानाशेजारचा शिंपी...

मुलगी: मी कुणाबद्दलही बोलत नाही, बाबा.

बाबा: तू नकोच बोलूस, मी बोलतो. गेल्या महिन्यात त्याला मीच पाठवलं होतं, पाच टाकून ये म्हणून. बेटा चारच टाकून आला. म्हणे, पोरीनं मध्येच घड्याळाकडे बघितलं, मग पाच कसे देऊ?

मुलगी: म्हणजे सरासरी तुझ्याच दोस्तानं बुडवली.

बाबा: झापला त्याला चांगला. पण बायको गेल्यापासून त्यानं मशीनवरचं कापड काढलं नव्हतं. परवा माझ्या पँटला टीप मारून दिली. आणि मंगळवारी परत येतोय तुझ्याकडे. या वेळी मी काही सांगितलेलं नाही.

(शेजारच्या खोलीत दाराची कडी निघाल्याचा आवाज.)

बाबा: ऐकतेयस ना?

मुलगी: ऐकतेय. ते रांगेचं खरं होतं?

बाबा: सर्दी खोटी होती. बाकी सगळं खरं.

मुलगी: सेशन रद्द केलं बघ. हेडफोनही काढतेय. ये आत, दार नुसतं लोटलंय.

बाबा: आलो. अजून विचार कर, चार मिनिटं आहेत सहाला.

मुलगी: बस रे. आणि बोल. मी घड्याळ बघत नाहीये.