रानअळूचा एक घास

गुरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक शेळी लाळ गाळत उभी होती. तिच्या एका बाजूला तिचा मालक, दुसऱ्या बाजूला त्याची शेजारीण. डॉक्टरांना दाखवायला म्हणून बाईंनी अर्धं खाल्लेलं पान पिशवीतून आणलं होतं.

"बाई, ते रानअळू आजच्या आज उपटून टाका. तोंड बघा हिचं, केवढं सुजलंय!"

"उपटणार नाही. झाड चालत आलं होतं का तुमच्या दारात?"

"अहो, मुकं जनावर आहे."

"आणि झाड काय बडबडं आहे? हिला हाकललं तर पळता तरी येतं. त्यानं कुठं पळायचं? पानात खाज आहे, तेवढाच काय तो त्याला आधार."

"पण असलं लावलंतच कशाला?"

"गुलाब लावले होते, ते हिनं काट्यांसकट फस्त केले. याचा मात्र एकच घास घेतला आणि थुंकली."

"मी कुंपण घालून देतो."

"गेल्या वर्षीही देणार होतात."

शेळी शिंकली. मालकानं तिचं नाक पुसलं.

"आता पुन्हा नाही ना जायची ही त्याच्या वाटेला?"

"जन्मात नाही."

"मग एक कंद मलाही द्या. बायकोच्या वाफ्यात हिनं मेथीचं पान ठेवलेलं नाही."

"देईन की. आधी कुंपण."