बारावा पिंजरा

—नाही, नाही, आधी बसा तर खरं. स्टूलवर बसा, त्या लोखंडी अँगलवर नको, ताजा रंग आहे, पँटला लाल पट्टा घेऊन घरी गेलात तर वहिनी मला शिव्या घालतील. हां. आता पुन्हा सांगा. एकदा सांगितलंत ते कानाने ऐकलं, पण डोक्यात शिरायला वेळ लागतो हो. तुमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला मी बारा पिंजरे बसवले, एसीच्या बाहेरच्या डब्यांना, बरोबर? अकरा जागच्या जागी आहेत. बारावा, जिन्याजवळचा, परवा चोरांनी उघडला आणि आतला अख्खा डबा उचलून नेला. पिंजऱ्यावर करवतीचा ओरखडा नाही, कुलूप शाबूत, नुसता कोपरा सुटलाय. आणि म्हणून सेक्रेटरीसाहेब तुम्ही थेट चौकीत जाऊन माझ्या जावयाचं नाव दिलंत. —नाही दिलंत? मग काय, पोलिसांना स्वप्न पडलं? 'नाव नाही दिलं, फक्त संशय सांगितला.' वा! म्हणजे चिमटा काढला नाही, फक्त नखं लावली.

सकाळी चहा पीत होता तो. दोघे शिपाई दारात. घरात बावीस दिवसांचं बाळ, माझी पोर अजून धड उठून बसत नाही, आणि हा कप खाली ठेवून उठला, गेला निमूट. तेच मला चावतंय बघा. भांडला असता, चार शब्द बोलला असता तर बरं वाटलं असतं. चपला घालताना मला काय म्हणाला माहितीये? 'आई, गिऱ्हाइकाशी भांडू नका.' गिऱ्हाइकाशी! —मी भांडतेय? हे भांडण नाही साहेब, हे अजून बोलणं चाललंय. भांडायला लागले की समोरचा गाडीवाला गाडी हलवतो, त्याला अनुभव आहे.

आणि हो, चोर होता तो. मी कधी लपवलं? पहिल्या दिवशी तुम्ही माप घ्यायला बोलावलंत तेव्हा मीच सांगितलं ना तुम्हाला तोंडावर, हा माझा जावई, हा आधी एसीचं तांबं काढायचा, आता एसीला पिंजरे घालतो. तुम्ही हसलात. म्हणालात, 'मग तर बरंच आहे, काट्याने काटा निघेल.' तेव्हा काटा चालला! दीड वर्ष तो सरकारचा जावई होता, मग माझा झाला, आणि खरं सांगू का, सरकारने त्याला जास्त प्रेमाने ठेवला. मी सहा महिने त्याच्याशी बोलले नव्हते. पोरीने मला न विचारता लग्न केलं, घेऊन आली दारात, म्हणाली, 'आई, याने सोडलंय सगळं.' मी म्हटलं, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. तिच्यासमोरच म्हटलं. त्याच्यासमोरच.

मग एक दिवस हा इथे, या दारात उभा. पोरीला न्यायला आलेला. मी पिंजरा करत होते, हे होते तेव्हापासून जसा करतो तसाच, बिजागरी बाहेरून, कुलूप लोंबतं. हा बघत राहिला आणि म्हणाला, 'आई, हा चार मिनिटांत उघडतो.' माझ्या तळपायाची आग मस्तकात! म्हटलं, उघडून दाखव, नाही उघडला तर पुन्हा या दारात पाय ठेवायचा नाही. त्याने माझीच पहार उचलली. तीन मिनिटं. कुलपाला हात नाही लावला त्याने, बिजागरीची खीळ काढली आणि दार उलटं उघडलं. मी त्या दिवशी जेवले नाही. लोकांच्या भिंतींवर केवढे पिंजरे लावले होते आम्ही, केवढ्या विश्वासाने! दुसऱ्या दिवशी त्याला निरोप धाडला, कामाला ये.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. बिजागरी आतून. कुलपाला लोखंडी पेटी, कटरचं तोंडच आत जात नाही. भिंतीतल्या बोल्टची डोकी वेल्डिंगने बंद. पुढे हवेला मोकळी जागा, नाहीतर चोर यायच्या आधी एसी गुदमरून मरायचा. आणि पिंजरा तयार झाला की तो इथे जमिनीवर ठेवायचा, जावयाने पहार घ्यायची, मी घड्याळ घ्यायचं. दहा मिनिटं. त्याने जिवाच्या आकांताने तोडायचा. नाही तुटला तर गिऱ्हाइकाकडे जाणार, तुटला तर पुन्हा करायचा, मग तो त्याने केलेला असो नाहीतर मी. आमचा शिक्का म्हणाल तर तो हाच. पलीकडचे दुकानवाले हसतात, म्हणतात, बघा, जावई चोरी करतोय आणि सासू वेळ लावतेय. हसू देत. माझा एक पिंजरा फुटला नव्हता तेव्हापासून. एक नाही.

—हो, हो, परवापर्यंत. बोलून दाखवायलाच हवं होतं का?

त्या सुटलेल्या कोपऱ्याचा तुकडा आणलाय ना तुम्ही? पिशवीत आहे? राहू दे, बघते मग. घाई काय आहे, लोखंड आहे, नासणार नाही. आधी माझं ऐका. तुमचं म्हणणं काय, की कोपरा मुद्दाम कच्चा ठेवला, आपल्या जुन्या दोस्तांना खूण सांगितली, ते आले, हिसका दिला, घेऊन गेले. बरोबर? आता मी विचारते, तुम्ही उत्तर द्या. अकरा पिंजरे कधी बसले? शनिवारी. बारावा कधी? सोमवारी. आठवतंय? तुम्हीच माझ्या डोक्यावर बसला होतात, जिन्याजवळचा राहिला, त्या घरातले लोक ओरडतायत, आजच्या आज हवा. आणि सोमवारी माझा जावई कुठे होता? दवाखान्यात! पहाटेच पोरीला घेऊन गेला, मंगळवारी दुपारी बाळ झालं, तोवर तो तिथून हलला नाही. विचारा तिथल्या नर्सबाईला, तिने त्याला दोनदा बाहेर हाकललं, इतका मधेमधे करत होता. साहेब, त्या बाराव्या पिंजऱ्याला त्याचा हात लागलेलाच नाही! पाइप कापण्यापासून रंग मारण्यापर्यंत एकटीने केलाय मी. टेंपोवाला उचलू लागला तेवढंच. तपासणीसुद्धा झाली नाही त्याची. जावयाचा फोन आला होता, 'आई, बारावा राहू द्या, मी आल्यावर बघतो.' मी म्हटलं, अरे, तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी वेल्डिंग करतेय, माझ्या हाताला काय तपासतोस, तू तुझ्या बायकोकडे बघ. आणि बसवून आले.

हां! झालं की नाही सिद्ध? त्याचा संबंधच नाही. चला, आत्ताच्या आत्ता चौकीत चला, लिहून देते मी, अंगठा नाही, सही करते, की त्या पिंजऱ्यावर त्याचा हात नव्हता, सगळा हात माझ्या एकटीचा—

असं काय बघताय?

...

द्या इकडे तो तुकडा.

नको, दिवा नका लावू. दिवसाढवळ्या दिवा कशाला? मला अंगठ्याने कळतं. हं. ...हं. —थांबा हो, जरा थांबा. रेघ बघितलीत वेल्डिंगची? किती देखणी आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी, कुठे फुगवटा नाही, कुठे भोक नाही. जावयाला अजून अशी जमत नाही, त्याची खडबडीत येते. ही माझी आहे. शंभर रेघांत ओळखीन. आणि खोट कुठे आहे सांगू? ती जोडावर नाहीये. जोडाच्या शेजारून गेलीये, एक सूतभर बाजूने. या टोकाला जेमतेम चिकटली, बाकी सगळं पट्टीवर नुसतं नक्षीकाम. रंग मारल्यावर कोणाच्या बापाला दिसणार? चोराला करवत लागलीच नसेल. पाय रोवून ओढला असेल आणि आला हातात.

नवशिक्याच्या हातून अशी चूक होत नाही, साहेब. नवशिक्याची रेघ वाकडी असते पण जोड धरून असते, कारण तो घाबरून डोळे फाडून बघत असतो. ही चूक माझ्यासारखीच करते. हात इतका सराईत की त्याला वाटतं, जोड इथेच असणार, जातो आपला सरळ, आणि डोळ्यांनी त्याला अडवायला हवं तर डोळे...

डोळे, हो. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. वर्ष झालं मला कळून. डॉक्टर म्हणाला ऑपरेशन करा, दोन महिने ठिणग्यांच्या जवळ जायचं नाही. मी नवा चष्मा घेऊन आले आणि घरी सांगितलं, नंबर वाढलाय. का म्हणजे? एकदा बाई घरी बसली की बसली. मग लोक म्हणणार, बाईचं दुकान जावयाने गिळलं. हे गेले तेव्हा सगळे म्हणाले होते, बाई आता शटर विकेल. मी विकलं नाही. काळी काच तोंडावर घेतली आणि उभी राहिले. आता त्याच काचेमागे मला काही दिसत नाही, हे कोणाला जाऊन सांगू? आज पहिल्यांदा तुम्हाला सांगतेय, आणि तुम्ही माझे कोण? कोणी नाही.

—काय? मग बाकीचे अकरा कसे टिकले?

हो की. त्यातले निम्मे तर माझ्या हातचे.

थांबा. वर्षभरात माझा एकही पिंजरा त्याच्या हातून तुटला नाही. एकही! स्वतःचे दोनचार तुटले त्याचे, माझा कधी नाही. मी घड्याळ धरून उभी राहायची आणि म्हणायची, बघ जावईबापू, याला म्हणतात हात. तो घाम पुसायचा आणि हसायचा. म्हणजे जो कोपरा पक्का, पहार तो त्यालाच लावत होता. आणि मला कुठे दिसत होतं कुठे लावतोय ते! मग मी घरी निघाले की हा मागे राहायचा, 'तुम्ही व्हा पुढे, मी झाडून येतो.' एवढं काय झाडतो हा, वाटायचं मला. ग्राइंडरच्या डिस्क दुप्पट लागायला लागल्या होत्या. मी त्याला झापलं, उधळ्या म्हटलं, पोरीसमोर म्हटलं. ऐकून घेतलं त्याने. अहो, माझी रेघ घासून काढत होता तो रोज, आणि जोडावर दुसरी मारून, ती गुळगुळीत करून वर रंग देत होता. वर्षभर! आणि दुसऱ्या दिवशी मी त्यावरून हात फिरवून स्वतःचंच कौतुक करत होते.

सोमवारी तेवढा नव्हता तो.

म्हणून सकाळी निमूट गेला. त्याला तुकडा बघायची गरजच नव्हती. जिन्याजवळचा म्हटल्याबरोबर त्याला कळलं असणार कोणाचा हात आहे. एक वाक्य बोलला असता, 'साहेब, तो माझ्या सासूने केलाय,' तर चहा गार व्हायच्या आत घरी आला असता. नाही बोलला. रडतेय मी, हो, रडतेय, बघायचं असेल तर बघा. लाज वाटतेय मला.

काय म्हणालात? —नाही, मोठ्याने म्हणा, आता अर्ध्यात थांबू नका. 'त्याला काय, चौकीची सवय आहे.' आणखी? 'दोन दिवसांत सोडतीलच, पुरावा तर काही नाही. तुमचं नाव कशाला खराब करून घेता, इतक्या वर्षांचं दुकान. पलीकडच्या दोन इमारतींना पण पिंजरे हवेत, मी तुमचंच नाव सुचवलंय. आणि हा तुकडा काय, भंगारात टाकता येईल.' —झालं? संपलं?

सवय! चौकीची कोणाला सवय होते हो? बाकावर बसवतात, येणारा जाणारा टपली मारून जातो, त्याची सवय होते माणसाला? तुम्हाला लावू या का सवय? माझं नाव वाचवायला निघालेत! माझं नाव वर्षभर वाचवलंय ते त्याने, रोज संध्याकाळी, गुपचूप, माझ्या शिव्या खाऊन. ते आता मी त्याच्याच मानेवर ठेवून तुमच्या इमारतींची मापं घ्यायला येऊ? तसलं लोखंड नाही हो आमच्या घरात. तुमचा डबा माझ्या हाताने गेलाय, त्याचं जे काय होईल ते मी भोगीन. बारावा पिंजरा नवीन मिळेल, जावई करेल तो, मी हात लावणार नाही. आणि बाकीच्या भिंतींवर माझं जे जे आहे ते सगळं त्याला दाखवून घेणार आहे मी. लोकांना सांगून. पाटी लावीन हवं तर दुकानावर, की बाईला दिसत नव्हतं आणि बाईने सांगितलं नाही. पलीकडच्या इमारतींचं त्यालाच विचारा. तो तुमचं काम घेतो की नाही, ते तो ठरवील. मी असते तर घेतलं नसतं.

उठा आता. स्टूल आत घ्यायचंय. तुकडा माझ्याकडे राहील, तो मला चौकीतल्या साहेबांच्या टेबलावर ठेवायचाय, आणि त्यांचं बोट धरून त्या रेघेवरून फिरवायचंय. —गाडीने सोडता? नको. —अहो, हात सोडा माझा, पडत नाहीये मी. चौकीचा रस्ता मला चांगला ठाऊक आहे. त्या सहा महिन्यांत, पोरीचं लग्न मोडावं म्हणून, एका चोरीत त्याचं नाव खोटंच द्यायला मीच गेले होते तिथे. व्हा बाजूला.