हौदातली पैज

उमादेवी : अहो, पिण्याच्या पिंपात ही लाकडं कुणी घातली?

सोमलिंग : लाकडं न्हायत ती, होडीच्या पट्ट्या हायत. भिजल्याबिगर वाकत न्हायत.

उमादेवी : नळाला आठवड्यानं पाणी येतंय, अन तुमी त्यात आंब्याच्या फळ्या भिजवताय! अन माझे कपड्याचे चिमटे कुठं गेले? लुगडं उडालं, आत्ता शेजारच्या बानूबाईच्या गच्चीवरनं उतरवून आणलं म्या.

राजेश्वरी : चिमटे इथं आहेत आई, होडीला लावलेत. पट्टी बसेपर्यंत दाबून धरावी लागते.

उमादेवी : धरा, धरा. बापलेकींनी मिळून सगळा संसार होडीला लावा.

सोमलिंग : पैज तूच लावली ना? मग कुरकुर कशाला?

उमादेवी : लावली तर! आख्ख्या खानदानात कुणी समुद्र डोळ्यानं बघितला न्हाय, अन ही निघाली मालाच्या जहाजावर इंजिनं सांभाळायला. तुमी बी हिचीच री ओढता. म्हटलं, अगुदर तुमच्या हातची होडी आपल्या हौदात दिवस मावळंपर्यंत तरंगून दाखवा. तरली तर पोरगी जाईल. बुडाली तर जहाज गेलं खड्ड्यात, पोरगी घरी.

सोमलिंग : ऐकलं ना राजू? दाब मग नीट. नाकाकडं दाब. अगं हळू, चिरंल!

राजेश्वरी : अप्पा, आता उजवीकडची घ्या. एकाच बाजूनं ठोकत गेलं की होडी पिळवटते.

सोमलिंग : म्हाईत हाय मला. पहिली तशीच वाकडी झाली.

उमादेवी : वाकडी? काकडी झाली होती तिची. बंबात घातली म्या. पाणी मात्र झकास तापलं.

राजेश्वरी : आई, तू हसू नकोस गं. मलाही हसू येतंय, पट्टी हलतेय.

सोमलिंग : हसू दे तिला. मला सांग, टोकाला तासलं का पट्टीला? निमुळती न्हाय केली तर एकीवर दुसरी चढून बसती. अडतीवर उभा जन्म गेला माझा, मुठीत दाणे घेऊन भाव सांगण्यात. हातात रंधा कधी धरला न्हाय. पण लई मजा येतीय गं! रातच्याला बी पट्ट्याच दिसत्यात.

उमादेवी : ते दिसतंयच. तेरखेड्याहून फटाके बी आणून ठेवलेत म्हणं, होडी तरायच्या आधीच.

सोमलिंग : तुला कुणी सांगितलं?

उमादेवी : गव्हाच्या कोठीत ठेवल्यावर मला सापडणार न्हायत व्हय?

राजेश्वरी : अप्पा, एवढीच फट राहिली बघा. ही शेवटची पट्टी.

सोमलिंग : उमे, ये इकडं. ही तू बसव.

उमादेवी : म्या? अन हरू माझ्याच हातानं? तुमचं तुमी बघा.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, हौदापाशी.)

राजेश्वरी : तरली! अप्पा, तरली!

सोमलिंग : अगं बाई, बदकावानी डुलतीय की! उमे, बघ, डोळे भरून बघ!

उमादेवी : बघतीय. दिवस मावळायला लई वेळ हाय अजून.

राजेश्वरी : अप्पा... आत पाणी येतंय.

सोमलिंग : कुठनं?

राजेश्वरी : सगळ्याच फटींतनं. एका अंगाला कलली बघा.

सोमलिंग : काल तर नख शिरत नव्हतं त्यात! वाळून आक्रसल्या वाटतं पट्ट्या. घ्या. तुझं जहाज म्याच बुडवलं पोरी.

राजेश्वरी : असं नका ना बोलू, अप्पा. इतकी सुंदर झालीय. काढा तिला बाहेर, मला नाही बघवत.

सोमलिंग : सरक, काढतो.

उमादेवी : हात लावू नका तिला!

सोमलिंग : जिंकलीस ना? आता बुडताना बी बघायचीय व्हय?

उमादेवी : गप बसा जरा. आमच्या आबांच्या बैलगाडीची चाकं उन्हाळ्यात वाळून खुळखुळायची. आबा ती ओढ्यात टाकून ठेवायचे. लाकूड पाणी प्यालं की फुगतं अन गच्च बसतं. राजू, आमटीची वाटी आण. आतलं पाणी उपसत ऱ्हा. तोवर पिऊ दे तिला.

राजेश्वरी : अगं पण आई, पैज...

उमादेवी : वाटी आण म्हटलं ना! अन तुमी काय बघत बसलाय? खालनं आधार द्या. दाबू नका, नुसता आधार.

सोमलिंग : दिला, दिला. केवढ्यानं ओरडतीस!

उमादेवी : त्या नाकापाशी बघ राजू, तिथं लई येतंय.

राजेश्वरी : तिथलं कमी झालं. इथलंही. आई, थांबत चाललंय गं! आता वाटीत काही येतच नाही. अप्पा, हात काढा... काढा की!

सोमलिंग : सरळ उभी ऱ्हायली! आता दिवस मावळंपर्यंत बी बुडत न्हाय ही. उमे, हरलीस की गं तू. घरबसल्या जिंकत होतीस.

उमादेवी : मग काय करू? डोळ्यांदेखत बुडू देऊ व्हय?

राजेश्वरी : आई, मी जाऊ ना मग?

उमादेवी : जा. भीती मला वाटतीय. तुला न्हाय वाटत, तर तू कशाला थांबतीस?

सोमलिंग : फटाके आणू का?

उमादेवी : आणा. पण लांब लावा जरा, होडीला झळ लागंल.