पाणी आलं त्या दिवशीचं गाणं

तुम्हाला सांगते, टीव्हीवरच्या स्पर्धेनंतर माझं पहिलं स्वतःचं गाणं कुठं रेकॉर्ड झालं असेल? गारखेड्यात, आमच्याच घरी, भिंतींना गोधड्या टांगून! माईक मैत्रिणीचा होता आणि संध्याकाळी परत द्यायचा होता. शेवटचं कडवं तेवढं राहिलेलं. डोळे मिटून सूर लावला आणि शेजारची पाण्याची मोटार घर्रकन सुरू झाली. मी एवढी दचकले की गाण्याऐवजी किंकाळीच रेकॉर्ड झाली.

आठवड्यानं नळाला पाणी आलं होतं. बघता बघता सगळ्या गल्लीच्या मोटारी लागल्या. अशा वेळी लोकांना थांबा म्हणायची माझी काय छाती! रडवेली होऊन माईक आवरायला लागले, तर शेजारच्या शोभाकाकू दारात.

"काय गं, साप निघाला काय?"

मी सगळं सांगितलं. काकू तडक गच्चीवर गेल्या आणि ओरडल्या, "मोटारी बंद करा रे सगळे! पोरीचं गाणं व्हायलंय!"

समोरचे काका म्हणाले, "अन् तेवढ्यात पाणी गेलं तर, वहिनी?"

"तर टँकर मागवू! टीव्हीवर होती तवा लई मतं दिली ना तिला? मग आता गाऊ द्या की."

एकेक मोटार बंद झाली. कडवं एका दमात झालं. दार उघडलं तर काकू पायरीवरच बसलेल्या. माझे डोळे भरून आले. काही बोलणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या,

"रड नंतर. आधी सांग, मोटार लावू का?"