घोड्याचा चौथा पाय

(मुलांनो, जरा कल्पना करा. खिडकीशी टेबल. त्यावर तेलाची बुधली, धार लावायचा दगड आणि घडीचा एक चाकू, इतका गंजलेला की मिटला तो मिटलाच. शेजारी लाकडाचा छोटा घोडा. पाय तीनच, चौथ्याच्या जागी नुसता ठोकळा. नात आणि आजोबा चाकूवर वाकलेत. तुम्हीही वाका. फक्त हात मागे.)

नात : हललं! आजोबा, पातं हललं! शप्पथ!

आजोबा : ओढू नकोस, खारूताई. खिळ्यावर अजून एक थेंब टाक. पातं त्याच्याभोवती फिरतं.

नात : सकाळपासून नुसतं तेल पितोय हा! आत्या चारला येणार. आणि तुम्ही कबूल केलंय हं, गंज मी काढला तर चौथा पाय मी कोरायचा.

आजोबा : केलंय बाई. पण तीस वर्षं झोपलाय तो. रविवारी तुला उठायला किती वेळ लागतो?

नात : आजोबा! उघडला! उघडला!

आजोबा : नाचू नकोस, आधी खाली ठेव! धार गेली तरी टोक आहे त्याला. हा पॉलिश पेपर घे. मुठीकडून टोकाकडे घास.

नात : किती तो तांबडेपणा! आत्याने स्वतःचा चाकू असा कसा ठेवला? मला तर तुम्ही रंगाचा ब्रशसुद्धा पुसून ठेवायला लावता.

आजोबा : घास, घास. चमकतंय बघ.

नात : आली की तिलाच विचारते.

आजोबा : नको विचारूस. तिने नाही, मी ठेवला.

नात : तुम्ही? न पुसता?

आजोबा : तुझ्याएवढी होती ती. ओलं लाकूड कोरत होती, हाच घोडा. बोट कापलं. रक्त बघून माझं डोकंच फिरलं. चाकू हिसकावला, चिकासकट मिटला आणि पेटीच्या तळाशी टाकला.

नात : तिने परत मागितला नाही?

आजोबा : तीनदा मागितला. मग मागणंच सोडलं.

नात : म्हणून हा बिचारा लंगडा!

आजोबा : म्हणून. चल, दगडावर तेल घाल. पातं आडवं, पाठ जराशी उचललेली. या बाजूने दहा, त्या बाजूने दहा. घाई केलीस तर धार येणार नाही.

नात : ...आठ, नऊ, दहा! घ्या, बघा.

आजोबा : अं हं. उघडा द्यायचा नाही कुणाला. मिट, मग दे. हं, झकास! आता हा माझा जुना चामडी पट्टा. त्यावर पातं ओढ, धार मागे ठेवून, सावकाश. आता काप कागद.

नात : आजोबा!! लोण्यासारखा! बघा, बघा, अजून एक पट्टी!

आत्या : काय गं, जिन्यापर्यंत आरडाओरडा! काय कापताय एवढं... हा माझा?

आजोबा : तुझाच.

आत्या : मला वाटलं, फेकून दिलात.

आजोबा : फेकवला नाही. आणि द्यायचा धीर झाला नाही. चुकलं माझं, पोरी.

आत्या : आणि आता हिच्या हातात? हिच्या? ही तर पेन्सिलीला टोक करतानाही ओरडते, बाबा!

आजोबा : कापलंच बोट तर पट्टी बांधीन. चाकू नाही काढून घेणार.

नात : आत्या, चौथा पाय मी कोरणार! ठरलंय आमचं. सगळा गंज मी काढलाय, हात बघ माझे!

आत्या : अगं बाई, कोपरापर्यंत काळी झालीस! बस, कोर. बघू तरी. या ठोकळ्यावर मी पेन्सिलीने गुडघा काढला होता... अजून दिसतोय. अगं, मिटलास कशाला?

नात : दुसऱ्याला देताना मिटूनच द्यायचा. घे. मी हात मागे ठेवून बघते.