धबधबा कुठे पळून जातोय

शिवणकाम करणारी एक बाई डोळ्यांत थेंब घालून डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर डोळे मिटून बसली होती. शेजारी नवरा-बायकोचं एक म्हातारं जोडपं बोलत होतं.

"दोनच दिवस जाऊ. पहिल्या दिवशी तळ्यात होडी, दुसऱ्या दिवशी टेकडी चढून धबधबा."

"अहो, घरातला उंबरठा दिसत नाही तुम्हाला, टेकडी कसली चढताय?"

"तू हात धर की."

"तीस वर्षं बस घेऊन तिथेच जायचात. एकदा नेलं नाहीत मला."

"अगं, मी तरी कुठे बघितलाय! लोक उतरले, की मी मागच्या सीटवर आडवा. परतताना घाटात डुलकी लागली असती तर? चाळीस जीव असायचे गाडीत."

"म्हणजे एकदाही नाही?"

"म्हटलं, रिटायर झाल्यावर निवांत बघू. धबधबा कुठे पळून जातोय?"

म्हातारा पुढे म्हणाला,

"आवाज मात्र पाठ आहे. खिडकीतून यायचा. आता गेलो तरी तेवढाच पदरात पडणार."

"पडू दे. पण या वेळी गाडीतून खाली उतरायचं."